बेकाच्या खोऱ्यात : दगड आणि द्राक्षवेल

मागच्या बैठकीत बालबेकचे फोटो दाखवले, तेव्हा जवळपास सगळ्यांनी एकच विचारलं, "एवढाले दगड उचलले कसे?" प्रश्न बरोबर आहे, पण तिथे उभं राहिल्यावर मला पडलेला प्रश्न वेगळा होता. रोमन साम्राज्यातल्या भव्य देवळांपैकी हे एक, आणि ते ना रोममध्ये, ना समुद्रकाठी. दोन डोंगररांगांच्या मधल्या शेतीच्या खोऱ्यात! इथेच का?

बैरूतहून दमास्कसच्या रस्त्याने निघालं की गाडी दहर अल-बैदरचा घाट चढते. माथा ओलांडला की खाली एकदम बेकाचं खोरं पसरलेलं दिसतं. सुमारे १२० किलोमीटर लांब, सरासरी १६ किलोमीटर रुंद, समुद्रसपाटीपासून साधारण हजार मीटर उंच. समुद्राकडून येणारे ढग पश्चिमेचा लेबनन पर्वत अडवतो. म्हणजे हा पर्जन्यछायेचा भाग, उन्हाळा पार कोरडा. तरी खोरं हिरवं राहतं, कारण दोन्ही डोंगरांवरचं बर्फ वितळून झऱ्यांना येतं. बालबेक नेमकं पाणलोटावर आहे. जवळच उगम पावणारी लितानी दक्षिणेला जाते, ओरोंतेस उत्तरेला. झरे, गहू, द्राक्षं आणि दोन बाजूंना जाणाऱ्या वाटा. जागेची निवड मला तिथे कळली.

ज्युपिटरच्या देवळाला ५४ खांब होते, आज सहा उभे आहेत. प्रत्येक सुमारे २० मीटर उंच. १७५९ च्या भूकंपापर्यंत नऊ होते. हा ज्युपिटर म्हणजे रोमन नाव घेतलेला इथलाच जुना देव, पाऊस-वादळाचा हदाद. कोरड्या उन्हाळ्याच्या मुलखात पावसाचा देव सर्वांत मोठा असावा, यात नवल नाही. चौथऱ्याच्या पश्चिम अंगाला प्रत्येकी अंदाजे ८०० टनांचे तीन दगड ओळीने बसवले आहेत. गावाबाहेरच्या खाणीत तर हजार टनांचा एक दगड तिरका पडून आहे, खडकापासून पुरता न सुटलेला. २०१४ मध्ये जर्मन पुरातत्त्वज्ञांनी त्याच्याच शेजारी जमिनीखाली आणखी एक शोधला, सुमारे १६५० टनांचा. तोही तिथेच राहिलेला. 'उचलले कसे' याचं अर्धं उत्तर या खाणीतच आहे. सगळे काही उचलता आले नाहीत!

माझा सर्वाधिक वेळ मात्र शेजारच्या 'बाकसच्या' देवळात गेला. दुसऱ्या शतकातलं हे देऊळ आश्चर्य वाटावं इतकं शाबूत आहे. बाकस हा रोमनांचा मद्याचा देव. देवळाला त्याचं नाव चिकटलं ते मुख्यतः कोरीवकामामुळे. दाराच्या चौकटीवर द्राक्षवेली आहेत, घोस आहेत, शिवाय गहू आणि अफूची बोंडं. देव कोणता यावर वाद चालू राहोत, कोरणाऱ्याने शेत पाहिलं होतं एवढं नक्की. पिकांची यादीच म्हणा ना, दगडात केलेली.

देवळं टिकली ती निव्वळ श्रद्धेमुळे नव्हे. ख्रिस्ती काळात इथे चर्च आलं, नंतर अरबांनी सगळ्या आवाराला तटबंदी करून किल्ला केला. आपल्या बेळगावच्या किल्ल्यात कमलबस्ती आहे, तसं काहीसं. वापरात राहिलेली इमारत पडायला वेळ लागतो.

दक्षिणेकडे झाहलेजवळ क्साराची वाइनरी आहे. जेझुइट पाद्र्यांनी १८५७ मध्ये ती सुरू केली. तिच्या पोटात रोमन काळापासूनचे मानले जाणारे भुयारी मार्ग आहेत, जवळपास दोन किलोमीटर लांब. कोंबड्या पळवणाऱ्या कोल्ह्याचा पाठलाग करताना ते सापडले, अशी गोष्ट तिथे सांगतात. खरी-खोटी देव जाणे. आत बाराही महिने गारवा असतो, म्हणून वाइनची पिंपं तिथे ठेवतात. मी स्वतः पीत नाही. चव घेण्याची वेळ आली तेव्हा बरोबरच्या मंडळींनी माझाही पेला संपवला.

पण वेलीची खरी परीक्षा पाहिली ती युद्धाने. १९७५ ते १९९० च्या यादवीत शातो म्युझार या कंपनीची द्राक्षं बेकात आणि कारखाना घाटापलीकडे गझीरला, मध्ये लढाईची आघाडी. १९७६ साली तिची वाइन झालीच नाही. १९८४ मध्ये द्राक्षांच्या ट्रकना इतके दिवस लागले, की माल वाटेतच आंबायला लागला. बालबेकच्या देवळांत १९५०च्या दशकापासून भरणारा संगीतमहोत्सवही या काळात बंद पडला. तो १९९७ मध्ये पुन्हा सुरू झाला.

मी गेलो होतो २०१९ च्या एप्रिलमध्ये. वेलींना नुकती पालवी फुटत होती. नोव्हेंबर २०२४ मध्ये बालबेकवर इस्रायली हवाई हल्ले झाले. देवळांच्या अगदी जवळची ऑटोमन काळातली मनशिया ही वास्तू नष्ट झाली, आणि १८७४ पासूनच्या जुन्या पामिरा हॉटेलचंही नुकसान झालं. त्याच महिन्यात युनेस्कोने लेबननमधल्या ३४ सांस्कृतिक स्थळांना युद्धकाळातलं वाढीव संरक्षण दिलं, त्यात बालबेकही आहे. मनशियाकडे त्या दिवशी मी नीट पाहिलंदेखील नव्हतं. माझ्या फोटोंत ती कुठेच नाही, सगळे कॅमेरे खांबांकडे वळलेले.