भारप्रशिक्षण, स्नायू आणि मेद : शरीरवजनाच्या मापनाचा ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना :
भारप्रशिक्षणाने वजन वाढते की घटते, हा प्रश्न व्यायामशाळेत नेहमी विचारला जातो. शरीरवजनात स्नायू, मेद, अस्थी व पाणी या सर्वांचा समावेश असल्याने केवळ वजनकाट्याच्या आधारे त्याचे उत्तर देता येत नाही. ही बाब संशोधनातून कशी स्पष्ट होत गेली, याचा मागोवा घेणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

वजनकाट्याची मर्यादा :
इ. स. १९४२ मध्ये वेलहॅम व बेन्के या अमेरिकन संशोधकांनी अमेरिकन फुटबॉल खेळणाऱ्या २५ व्यावसायिक खेळाडूंचा अभ्यास प्रसिद्ध केला. उंची-वजनाच्या प्रचलित कोष्टकानुसार त्यांपैकी १७ जण अतिवजनामुळे लष्करी सेवेस अपात्र ठरत होते. परंतु पाण्याखाली वजन करून शरीराचे विशिष्ट गुरुत्व काढले असता, त्यांतील बहुतेकांच्या अंगी मेद कमीच असल्याचे दिसून आले. मेद पाण्यापेक्षा हलका व स्नायू जड असतो. या भेदावरच ही पद्धती आधारलेली होती.

प्रशिक्षणाचे परिणाम :
दुसऱ्या महायुद्धाच्या काळात डॉ. थॉमस डीलॉर्म यांनी जखमी सैनिकांचे दुर्बल स्नायू क्रमाक्रमाने भार वाढवून सशक्त केले व १९४५ मध्ये आपली पद्धती मांडली. विल्मोर यांनी १९७४ मध्ये ४७ स्त्रिया व २६ पुरुषांवरील दहा आठवड्यांच्या प्रशिक्षणाचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्यात ताकद व मेदविरहित वस्तुमान वाढले, मेद घटला. एकूण वजनात मात्र फारसा फरक पडला नाही. पुढे १९७९ मध्ये मोरितानी व डीव्हरीज यांनी दाखवून दिले की, आरंभीच्या आठवड्यांतील ताकदवाढ प्रामुख्याने मज्जासंस्थेच्या अनुकूलनामुळे होते. स्नायूंचा आकार त्यानंतर वाढतो.

भारतीय संदर्भ :
पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक व लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ मध्ये स्वतःचेच उदाहरण मांडले. दोघांचाही शरीरवस्तुमान निर्देशांक २२.३ होता, मेदाचे प्रमाण मात्र याज्ञिक यांचे २१.२ टक्के, तर युडकिन यांचे ९.१ टक्के होते. सडपातळ दिसणाऱ्या भारतीयांनाही मधुमेहाचा धोका का संभवतो, यावर हे उदाहरण प्रकाश टाकते.

समारोप :
वरील विवेचनावरून असे म्हणता येईल की, वजन स्थिर राहिले म्हणून व्यायाम निष्फळ ठरत नाही, तसेच वजन कमी असणे म्हणजे आरोग्य नव्हे. महाविद्यालयीन शारीरिक चाचण्यांत वजनासोबत कंबरेचा घेर व स्नायूंची ताकद यांचीही नोंद घेतली जाणे आवश्यक आहे. अन्यथा १९४२ मध्ये उघड झालेली कोष्टकाची चूक आपण विद्यार्थ्यांच्या बाबतीत पुन्हा करू.