मुंबईचे गव्हर्नर आणि सातपुड्याचा पायथा

पुण्याचें फर्ग्युसन महाविद्यालय ज्यांनीं पाहिलें आहे, अशा श्रोत्यांपैकीं थोड्यांसच हें ठाऊक असेल कीं, ज्या सर जेम्स फर्ग्युसनचें नांव त्या संस्थेस दिलेलें आहे, तो मुंबईचा माजी गव्हर्नर १४ जानेवारी १९०७ रोजीं वेस्ट इंडीजमधील जमेका बेटावर, किंग्स्टन शहरीं, धरणीकंपांत सांपडून मरण पावला. मुंबईस येण्यापूर्वीं तो दक्षिण ऑस्ट्रेलियाचा व नंतर न्यूझीलंडचा गव्हर्नर होता. इंग्रजी साम्राज्यांत गव्हर्नर हा कोणत्याच एका प्रांताचा नसे. आज एका समुद्राच्या कांठीं, तर उद्यां दुसऱ्या. चार्ल्स मेटकाफ हा हैदराबाद, दिल्ली व कलकत्ता येथील कारभार आटोपून १८३९ सालीं जमेकाचा गव्हर्नर झाला. लॉर्ड फॉकलंड उत्तर अमेरिकेंतील नोव्हा स्कोशिया प्रांतावर अधिकार चालवून १८४८ सालीं मुंबईस आला. अशा फिरत्या अधिकाऱ्यांच्या सहीनें तापी-गोमाईच्या खोऱ्यांतील शहाद्याच्या मुलखाचें काय झालें, हें पाहण्यासारखें आहे. कारण त्यांच्या धोरणाची खरी परीक्षा अशाच मुलखांत झाली. मुंबईच्या टाऊन हॉलांतील संगमरवरी पुतळे पाहून ती कळत नाहीं.

हा मुलूख इंग्रजांच्या हातीं आला तो ओसाड स्थितींत. शहाद्याच्या उत्तरेस, सातपुड्याच्या पायथ्याशीं, सुलतानपूर म्हणून गांव आहे. मुसलमानी अमदानीपासून तें एका भरभराटीच्या परगण्याचें मुख्य ठिकाण होतें. १८०२ सालीं शिंदे-होळकरांच्या झुंजीच्या धामधुमींत खानदेश लुटला गेला, त्यांत सुलतानपुराचीहि धूळधाण झाली. आणि लगेच १८०३-०४ चा दुष्काळ आला. राहिलेलें काम पेंढाऱ्यांनीं पुरें केलें. गांवें उठलीं, शेतांत रान माजलें. जे भिल्ल पिढ्यान्‌पिढ्या गांवचे जागले म्हणून राखण करीत व त्याबद्दल गांवाकडून हक्क घेत, त्यांचे हक्क गांवाबरोबरच बुडाले. राखणदाराच्या हातीं तीरकमठा तेवढा उरला, व तो सातपुड्यांत शिरला. पुढील सरकारी कागदपत्रांत भिल्लांस जन्मजात लुटारू म्हणण्याची जी चाल पडली, तिच्यांत ही मधली हकीकत बहुधा गाळलेली असते.

महिदपूरच्या पराभवानंतर जानेवारी १८१८ मध्यें मंदसोरचा तह झाला व होळकरांनीं सातपुड्याच्या दक्षिणेकडील आपला मुलूख कंपनीस दिला. कंपनीचा पहिला परिचय मात्र चांगला झाला नाहीं. त्याच वर्षाच्या फेब्रुवारींत सर टॉमस हिस्लॉप तापीकांठच्या थाळनेरच्या किल्ल्यापुढें आला. दरवाजांत कांहीं इंग्रज अधिकारी मारले गेले, आणि त्याचा सूड म्हणून किल्ल्यांतील सुमारें तीनशें शिबंदीची कत्तल करून किल्लेदारास फांशीं देण्यांत आलें. या कृत्यावर पुढें विलायतेंतहि टीका झाली.

दख्खनचा कमिशनर या वेळीं मौंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन होता. १ नोव्हेंबर १८१९ रोजीं तो मुंबईचा गव्हर्नर झाला व आठ वर्षें त्या जागेवर राहिला. खानदेश त्यानें कॅप्टन जॉन ब्रिग्ज या तेहतीस वर्षांच्या अधिकाऱ्याकडे सोंपविला. फेरिश्त्याच्या फारसी इतिहासाचा इंग्रजी तर्जुमा करणारा ब्रिग्ज तो हाच. धुळें शहराची मांडणीहि त्याचीच. १८१९ सालीं धुळ्यास ४०१ घरें व २,५०९ माणसें होतीं. ब्रिग्जनें तेथें कचेऱ्या बांधविल्या, व्यापाऱ्यांस घरांसाठीं बिनभाड्याच्या जागा कायमच्या दिल्या, व बांधकामासाठीं उचल रकमाहि दिल्या. शहर वसविणें त्यास साधलें, डोंगर वसविणें साधलें नाहीं.

एल्फिन्स्टनचें भिल्लांविषयींचें धोरण दुहेरी होतें. एका हातानें घाट अडवावे, सपाटीवरून डोंगरांत जाणारी रसद तोडावी, लुटीस निघालेल्या टोळ्या गांठाव्या; दुसऱ्या हातानें नाइकांस माफी व नेमणूक द्यावी, त्यांचे जुने हक्क मान्य करावे, जागल्यांची वहिवाट पुन्हां सुरू करावी. कागदावर हें धोरण शहाणपणाचें होतें. प्रत्यक्षांत पहिली सहा-सात वर्षें पहिलाच हात चालला. नाईक पकडले गेले, कित्येकांस फांशीं दिलें. पण एक टोळी मोडावी तों दुसरी उभी राही. पलटणींतील शिपाई भिल्लांच्या तीरांपेक्षां सातपुड्याच्या तापानें अधिक मरत. ज्या रयतेसाठीं हा बंदोबस्त म्हणावयाचा, ती रयत पडीक जमिनीवर परतत नव्हती, आणि रयत नाहीं तर सारा नाहीं. गव्हर्नरचें मन १८२५ सालीं वळलें त्याच्या मुळाशीं दया थोडी व हिशेब पुष्कळ होता, असेंच म्हणावें लागतें.

त्या वर्षीं खानदेशांत तीन भिल्ल एजन्स्या स्थापन झाल्या. त्यांपैकीं वायव्येकडील एजन्सीकडे नंदुरबार, सुलतानपूर व पिंपळनेर हा टापू, म्हणजे शहाद्याचा आजचा परिसर, आला. त्याबरोबरच भिल्लांचीच एक पलटण उभारण्याचें ठरलें. असे प्रयत्न पूर्वीं फसले होते. या खेपेस काम जेम्स औट्रम नांवाच्या बावीस वर्षांच्या लेफ्टनंटकडे आलें. त्यानें आरंभ लढाईनेंच केला; परंतु हातीं आलेल्या कैद्यांपैकीं कांहींस सोडून देऊन त्यांच्याच मार्फत डोंगरांत निरोप धाडले. मग तो विनाहत्यार, एकटा, वस्त्यांवर जाऊं लागला. वाघाच्या शिकारीचा त्यास विलक्षण नाद होता, व त्या नादापायींच भिल्लांचा त्याच्यावर जीव बसला. थोडीशीं माणसें जमल्यावर त्यानें त्यांस मालेगांवच्या छावणीत आपल्या २३ व्या पलटणीकडे नेलें. इंग्रज आपणांस एकत्र करतो तो मारण्यासाठींच, अशी धास्ती त्यांच्या मनांत होती. परंतु त्या पलटणींतील उच्च वर्णाच्या शिपायांनीं त्यांची भेट घेतली, त्यांस पानसुपारी दिली. ज्यांस गांवांत कोणी ओट्यावर बसवीत नसे, त्यांस तो मान नवीन होता. त्या पानसुपारीनें जें साधलें तें तोफांनीं साधलें नव्हतें. वर्षभरांत पलटण तीनशेंपर्यंत गेली, धरणगांव हें तिचें मुख्य ठाणें झालें, आणि पूर्वीं ज्या चौक्यांवर बाहेरची फौज बसे त्या हळूहळू भिल्ल शिपायांच्या ताब्यांत आल्या. औट्रम १८३५ पर्यंत खानदेशांत राहिला.

या गोष्टीचें खरें महत्त्व कळण्यास थोडें दूर, दक्षिण समुद्रांतील टास्मानिया बेटाकडे पाहिलें पाहिजे. त्याचें त्या वेळचें नांव व्हॅन डीमेन्स लँड. एल्फिन्स्टन मुंबईस असतांनाच, १८२४ पासून, तेथें जॉर्ज आर्थर नांवाचा लेफ्टनंट गव्हर्नर होता. त्याआधीं आठ वर्षें तो कॅरिबियन समुद्रकांठच्या ब्रिटिश होंडुरास वसाहतीचा मुख्य अधिकारी होता. तेथें १८२० सालीं गुलामांनीं बंड केलें, तेव्हां त्याचें मूळ मालकांच्या क्रौर्यांत आहे, असें यानेंच नमूद केलें होतें. म्हणजे तो पाषाणहृदयी नव्हता. पण टास्मानियांत मेंढ्या पाळणाऱ्या गोऱ्या वसाहतवाल्यांस जमीन हवी होती, माणसें नको होतीं. मूळच्या रहिवाशांशीं झगडा वाढतांच आर्थरनें १८२८ सालीं लष्करी कायदा पुकारला. आणि १८३० सालीं शिपाई, कैदी व वसाहतवाले मिळून सुमारें २,२०० माणसांची रांग करून, शिकारींत हांका घालतात त्याप्रमाणें, त्या लोकांस बेटाच्या एका कोपऱ्यांत हांकलण्याचा घाट घातला. आठवडेच्या आठवडे ही ‘काळी रांग’ चालली. दोन माणसें मारलीं गेलीं, दोन पकडलीं गेलीं. जें रांगेस जमलें नाहीं तें पुढें गोड बोलून झालें. उरलेसुरले दोनएकशें लोक फ्लिंडर्स बेटावर नेऊन ठेवण्यांत आले, व तेथें त्यांतील बहुतेक मरून गेले.

हाच सर जॉर्ज आर्थर १८४२ सालीं मुंबईचा गव्हर्नर होऊन आला. सतरा वर्षांची भिल्ल पलटण त्याच्या हातीं आयती आली. एकाच सरकारचे हे दोन कारभार, एकाच दशकांतले. पण त्यांतील अंतर केवळ दोन गव्हर्नरांच्या स्वभावाचें नव्हतें. खानदेशांत सरकारास सारा हवा होता, आणि साऱ्यासाठीं जमीन कसणारे हात व रस्ता राखणारे हात, दोन्ही हवे होते. भिल्ल जिवंत राहण्यांत कंपनीचा फायदा होता. टास्मानियाच्या लोकांचें दुर्दैव असें कीं, त्यांच्या जिवंत राहण्यांत कोणाचाच फायदा नव्हता.

आतां एल्फिन्स्टनच्या धोरणाचा उरलेला भाग. एजन्सीनें भिल्लांस जमिनी दिल्या, बैल, बीं व अवजारें यांसाठीं तगाई दिली, वस्त्या वसविल्या. पण पलटणीस औट्रम लाभला, नांगरास तसा कोणी लाभला नाहीं. शांतता होतांच सरकारचें लक्ष दुसरीकडे गेलें. डोंगराची नाराजी मात्र गेली नव्हती. १८५७ मध्यें, एल्फिन्स्टनचाच पुतण्या लॉर्ड एल्फिन्स्टन गव्हर्नर असतांना, सेंधव्याच्या घाटाची राखण करणारा सरकारचाच जुना नोकर खाज्या नाईक उठला व त्यानें सात लाखांचा खजिना लुटला. ११ एप्रिल १८५८ रोजीं आंबापाणीच्या लढाईंत त्याच्या लोकांवर चालून गेलेल्या फौजेंत खानदेशची भिल्ल पलटणहि होती.

खरा घाव मात्र तलवारीचा नव्हता, मोजणीच्या साखळीचा होता. फॉकलंडच्या कारकीर्दींत, १८५२ सालीं, खानदेशांत विंगेटच्या पद्धतीची जमीनमोजणी आली. सावदें, फैजपूर, एरंडोल येथील शेतकरी हजारोंनीं जमून तिला आडवे आले व सरकारास लष्कर आणावें लागलें. पुढें ती पश्चिमेकडेहि पोंचली. या पद्धतीनें प्रत्येक शेतास नंबर व प्रत्येक नंबरास धनी मिळाला. धन्यास जमीन विकण्याचा व गहाण टाकण्याचाहि अधिकार मिळाला. ज्यास लिहितां-वाचतां येत होतें त्यास हा अधिकार वरदान ठरला. ज्यास अंगठाच उठवितां येत होता, त्याच्याकडून तो सावकाराच्या वहींत गेला, व दिवाणी कोर्टानें त्यावर मोहोर केली. काळी, कसदार जमीन भिल्लाच्या हातून निसटूं लागली, व पुष्कळ ठिकाणीं तोच आपल्या शेतावर सालदार झाला.

सरकारास हें दिसत नव्हतें असें नाहीं. लॉर्ड नॉर्थकोट गव्हर्नर असतांना १९०१ सालीं जमीनमहसुलाच्या कायद्यांत दुरुस्ती झाली, व परवानगीवांचून विकतां न येणाऱ्या, म्हणजे ज्यांस अजून ‘नवीन शर्तीच्या’ म्हणतात, अशा जमिनींचा प्रकार सुरू झाला. सर फिरोजशहा मेहता, गोपाळ कृष्ण गोखले प्रभृति लोकनियुक्त सभासदांनीं या बिलास कडाडून विरोध केला व कौन्सिलांतून ते उठून गेले; रयतेचा मालकी हक्क सरकार हिरावून घेत आहे, असा त्यांचा आक्षेप होता. सरकारच्या हेतूविषयींचा त्यांचा संशय अनाठायीं नव्हता. पण विकण्याच्या हक्कानेंच जो बुडत होता, त्या भिल्लाच्या वतीनें बोलणारा त्या सभागृहांत एकहि नव्हता. नॉर्थकोट १९०३ सालीं मुंबई सोडून गेला आणि पुढच्याच वर्षीं ऑस्ट्रेलियाचा गव्हर्नर जनरल झाला.

गव्हर्नरांचें राज्य १९४७ सालीं संपलें. शहाद्याचा जमिनीचा प्रश्न संपला नाहीं. अंबरसिंग महाराज या भिल्ल समाजांतील पुढाऱ्यानें तो उघड्यावर मांडला, व जानेवारी १९७२ मध्यें शहाद्यास भूमिमुक्ति परिषद भरली. ज्यांच्या आज्यापणज्यांस औट्रमनें पलटणींत घेतलें, त्यांचीं नातवंडें-पणतवंडें आपल्याच गांवच्या सातबाऱ्यावर स्वतःचें नांव शोधीत होतीं. अंबरसिंग महाराज १९७४ सालीं वारले. त्याच सालच्या कायद्यान्वयें आदिवासींच्या गेलेल्या जमिनी परत देण्याची तजवीज महाराष्ट्र सरकारनें केली. त्या कायद्याखालीं १ एप्रिल १९५७ ते ६ जुलै १९७४ या मुदतींत हस्तांतर झालेल्या जमिनी येतात. गव्हर्नरांच्या अमदानींत जें गेलें तें त्या मुदतीच्या अलीकडचें नाहीं.