कालाकोटच्या दगडातला कान

कोकणातील मच्छीमार डॉल्फिनला ‘गादा रेडा’ म्हणतात. माशासारख्या दिसणाऱ्या प्राण्याला रेड्याचे नाव द्यावे, याचे नवल वाटते. परंतु डॉल्फिन आणि देवमासे यांचे मूळ रेडा, हरीण व पाणघोडा यांच्याच समखुरी गटात आहे. त्याचा एक मोलाचा पुरावा भारतातील दगडांनी दिला.

भूवैज्ञानिक ए. रंगा राव यांना जम्मू-काश्मीरमधील राजौरी जिल्ह्यात, कालाकोट येथे, सुमारे ४.८ कोटी वर्षांपूर्वीच्या खडकांत काही दात आणि जबड्याचे तुकडे सापडले. १९७१ साली, बंगळूरच्या जिऑलॉजिकल सोसायटी ऑफ इंडियाच्या नियतकालिकात, त्यांनी या प्राण्याचे नामकरण केले : ‘इंडोहायस’, म्हणजे भारतीय डुक्कर. जमवलेले बरेच दगड मात्र न फोडताच राहिले. राव यांच्या निधनानंतर ते त्यांच्या पत्नीने जपले आणि पुढे जीवाश्मतज्ज्ञ हान्स थेविसेन यांच्या स्वाधीन केले.

प्रयोगशाळेत एका कवटीच्या कानाचे हाड चुकून तुटले आणि त्याची आतली भिंत कमालीची जाड असल्याचे दिसले. ही ठेवण देवमाशांच्या कुळाची ओळख मानली जात होती. थेविसेन, सुनील बाजपेयी, बी. एन. तिवारी आणि सहकाऱ्यांचा शोधनिबंध डिसेंबर २००७ मध्ये ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध झाला.

इंडोहायस मांजराएवढा होता. अंगकाठी आपल्या पिसोरी हरणासारखी. त्याच्या पायांची हाडे जाड व जड होती. उथळ पाण्यात तळाशी चालताना असे वजन उपयोगी पडते. दातांतील ऑक्सिजनची समस्थानिकेही जलवासच सुचवतात. आहार मात्र मुख्यतः वनस्पतींचा असावा. म्हणजे या कुळाचे पूर्वज पाण्यात उतरले ते बहुधा आसऱ्यासाठी. मासे खाणे नंतर आले.

पुढचे टप्पे कच्छमध्ये सापडतात. अशोक साहनी आणि विजय प्रकाश मिश्र यांनी १९७५ साली तेथील प्राचीन देवमाशांचे वर्णन केले. २००० साली वर्णिलेल्या ‘कच्छिसिटस’चे पाय आखूड आणि शेपूट लांब, दणकट होते. पोहण्याचा भार पायांकडून शेपटीकडे सरकत होता. आजच्या डॉल्फिनची शेपटी माशासारखी डावी-उजवीकडे न हलता वर-खाली हलते, ती चौखूर धावणाऱ्या पूर्वजांच्या कण्याची लवण अजून राखून आहे.

नामकरणापासून नाते उलगडेपर्यंत ३६ वर्षे गेली. ते दगड अडगळ म्हणून टाकून दिले असते, तर हा कान कोणालाच दिसला नसता.