कोष्टकातले रिकामे घर

गेल्या वर्षी दिवाळीच्या तोंडावर मी एक रिकामपणचा उद्योग आरंभला. आजच्या पालघर जिल्ह्याच्या मुलखात १९०१ साली माणसे किती होती, याचे तालुकावार कोष्टक करावयाचे. आम्ही पालघरकर, तेव्हा प्रथम पालघर तालुकाच धुंडाळला. तो सापडेना! मागाहून उमगले, की त्या काळी या तालुक्याचे नाव माहीम होते. मुंबईचे नव्हे, आमचे केळवे-माहीम. माणसे जागच्या जागी होती. पाटी तेवढी निराळी.

जव्हारची गोष्ट याहून न्यारी. ठाणे जिल्ह्याच्या तालुक्यांत जव्हार मुळी नव्हतेच. मी बेधडक त्या घरात शून्य मांडले आणि कौतुकाने कोष्टक आईला वाचून दाखवले. ती जव्हारकडची.

"अरे, माझे आजोबा त्या साली हयात होते. त्यांना कुठे घातलेस?"

मी वरमलो. जव्हार हे मुकण्यांचे संस्थान. १९४८ साली ते विलीन झाले. तोवर जिल्ह्याच्या कोष्टकात येण्याचे त्याला कारणच नव्हते. संस्थानांच्या आकड्यांत ते निमूट बसलेले आढळले : माणसे ४७,५३८! माझ्या एका शून्याने एवढी वस्ती पुसून टाकली होती.

माझी पुतणी बोईसरला राहते आणि संगणकावर आकडेमोड करते. तिची भाषा 'आर'; न्यूझीलंडच्या ऑकलंड विद्यापीठातील रॉस इहाका आणि रॉबर्ट जेंटलमन या दोघांनी रचलेली. या भाषेत शून्य वेगळे आणि 'एनए' वेगळे. एनए म्हणजे घर आहे, पण आतला आकडा ठाऊक नाही. दहा, वीस आणि एनए यांची बेरीज विचारली, तर उत्तर येते एनए! अज्ञात वगळ असे बजावले, तरच तीस. आणखी एक 'नल' असतो : तिथे घरच नाही. आकड्यांच्या माळेत ओवला, तर मागमूस न ठेवता नाहीसा होतो.

२०११ च्या जनगणनेत पालघर जिल्हा तसाच. तो जन्मला १ ऑगस्ट २०१४ रोजी, ठाण्याच्या विभाजनातून. आज त्याच्या नावे सांगतात ते २९,९०,११६ लोक ठाण्याच्या १,१०,६०,१४८ मध्येच मोजलेले आहेत. दोन्ही आकडे शेजारी मांडून बेरीज करणाऱ्याच्या हातून तीच माणसे दोनदा मोजली जावयाची!

"काका, जव्हारपुढे एनए लिहिले असते," पुतणी म्हणाली, "तर बेरीजच झाली नसती. मग तुम्ही आपण होऊन शोधायला उठला असता."

दुरुस्त कोष्टक आईपुढे ठेवले. तिने जव्हारच्या आकड्यावर बोट टेकवले, "आता आहेत," म्हणाली, आणि चकलीच्या भाजणीकडे वळली.