खिळ्यांच्या पाटापासून पिनबॉलपर्यंत

पिनबॉल हा बिलियर्डच्या कुळातला खेळ आहे. अठराव्या शतकात फ्रान्समधील उमरावांनी बिलियर्डचे टेबल अरुंद केले, त्यावर खुंट्या रोवल्या, एका टोकाला भोके पाडली आणि काठीने चेंडू ढकलून ती भोके भरण्याचा नवा खेळ काढला. सोळाव्या लुईचा भाऊ, आर्त्वाचा काउंट, याने १७७७ मध्ये पॅरिसच्या वेशीवर बागातेल नावाची हवेली बांधली आणि तेथील मेजवानीत राजा-राणीसमोर हा खेळ मांडला, तेव्हापासून हवेलीचे नाव खेळाला चिकटले, असे सांगतात. इंग्लंडमध्ये त्याचे बॅगाटेल झाले आणि उमरावांची करमणूक दारूच्या गुत्त्यांपर्यंत उतरली.

खेळाचे रूप खऱ्या अर्थाने पालटले ते १८७१ मध्ये. अमेरिकेतील सिनसिनाटी येथे स्थायिक झालेला माँटेग्यू रेडग्रेव्ह हा इंग्रज कारागीर. त्याने बॅगाटेलमधील सुधारणांचे पेटंट घेतले. काठी गेली आणि तिच्या जागी स्प्रिंगचा दांडा आला. मोठ्या चेंडूंऐवजी गोट्या आल्या, टेबल आखडून मेजावर मावेल एवढे झाले आणि त्याला उतार मिळाला. पिनबॉलच्या उजव्या हाताला असलेला, ओढून सोडायचा दांडा तो हाच. दीडशे वर्षांत त्याच्या मूळ रचनेत फारसा फरक पडलेला नाही.

बिलियर्ड आणि त्याच्या कुळातले खेळ भारतात आले ते छावण्या, क्लब आणि पुढे रेल्वेच्या इन्स्टिट्यूटमधून. स्नूकरचा जन्मच मुळी १८७५ मध्ये जबलपूरच्या छावणीतला. भारताला वैयक्तिक खेळातले पहिले जगज्जेतेपद मिळवून देणारे विल्सन जोन्स बिलियर्डपटूच होते. त्यांचा जन्म १९२२ मध्ये पुण्यात झाला आणि १९५८ व १९६४ मध्ये ते हौशी बिलियर्डचे जगज्जेते ठरले. पुणे जिल्ह्याच्या पूर्वेकडील शिरूर आणि दौंड ही दोन्ही गावे याच वाटेवरची. घोड नदीकाठचे शिरूर, म्हणजे लोकांच्या तोंडचे घोडनदी, एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी कंपनी सरकारची छावणी होते. ३१ डिसेंबर १८१७ च्या रात्री कॅप्टन स्टाँटनची तुकडी कोरेगावच्या दिशेने निघाली ती येथूनच. भीमेकाठचे दौंड, इंग्रजी कागदपत्रांतले ‘धोंड’, वाढले ते रेल्वेमुळे. १८७८ मध्ये मनमाडचा फाटा निघाला, १९१४ मध्ये बारामतीची अरुंद रूळमार्गाची गाडी सुरू झाली आणि दौंड जंक्शन म्हणून ओळखले जाऊ लागले. चालक, गार्ड, फिटर, अँग्लो-इंडियन कुटुंबे आणि रेल्वे वसाहत यांनी या गावाला आजूबाजूच्या शेतीप्रधान गावांपेक्षा वेगळा तोंडवळा दिला. कॅरम, टेबल टेनिस, पत्ते आणि बिलियर्ड हे रेल्वेच्या इन्स्टिट्यूटमधले नेहमीचे खेळ होते.

मराठी घरात मात्र पोचला तो बॅगाटेलचा पाट. साहेबाच्या टेबलाशी त्याचे दूरचेच नाते. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात, विशेषतः साठ ते ऐंशीच्या दशकांत, पगारदार घरांतील मुलांच्या सुट्टीत कॅरम, सापशिडी आणि व्यापार यांच्या जोडीला तो असे. हात-दीड हात लांबीची प्लायवूडची फळी, वरच्या बाजूला कमानीसारखी गोलाई, कडेने पत्र्याची किंवा लाकडाची पट्टी. उजवीकडे एक अरुंद गल्ली आणि तिच्या तळाशी स्प्रिंगचा खटका. फळीवर खिळ्यांची गोल कुंपणे आणि प्रत्येकाला एक तोंड. कुंपणात गोळी अडकली की तेथे रंगवलेले १०, २५, ५० किंवा १०० गुण मिळायचे. वरचे टोक उचलून धरायला मागे दोन ठोकळे असायचे आणि उरलेल्या गोळ्या उतारावरून खालच्या पन्हाळीत जमा व्हायच्या. गोळ्या लोखंडी असत. त्या हमखास हरवत, आणि मग सायकलच्या दुकानातून छर्रे आणून काम भागवले जाई. छर्रा हलका पडे, खिळ्यावर आपटून भलतीकडेच उडे आणि आधीच्या खेळाडूने मिळवलेल्या गुणांशी तुलना करण्यात अर्थ उरत नसे. पण खेळ थांबत नसे.

या पाटात कौशल्य कितपत होते? फार नाही. खटका किती ओढायचा एवढेच खेळाडूच्या हातात. पुढे गोळी, खिळे आणि उतार यांचा आपसातला व्यवहार. म्हणूनच गोळी नको तिकडे वळताना दिसली की पाट हळूच तिरका करण्याचा मोह मुलांना होई आणि समोरून “रडीचा डाव!” अशी आरोळी उठे. ही अडचण एकट्या मराठी घराची नव्हती. अमेरिकेत हॅरी विल्यम्स या रचनाकाराने १९३० च्या दशकाच्या पूर्वार्धात यंत्र हलवणाऱ्याला पकडण्यासाठी ‘टिल्ट’ नावाची युक्ती बसवली. तिच्या पुढच्या, रूढ झालेल्या रूपात एका कड्याच्या मधोमध लोलक लोंबतो; धक्का जास्त बसला की तो कड्याला टेकतो, वीजमंडल पूर्ण होते आणि चालू डाव बाद होतो. आजच्या यंत्रांतही ती आहे.

अमेरिकेत या खेळाने दुकानदारीची वाट धरली. १९३१ मध्ये डेव्हिड गॉटलीब याने ‘बॅफल बॉल’ हे नाणे टाकून खेळण्याचे यंत्र साडेसतरा डॉलरला विकायला काढले आणि पन्नास हजारांवर यंत्रे खपली. मंदीचे दिवस होते आणि एका पेनीत होणारी करमणूक कोणालाही परवडत होती. पुढे विजेचे दिवे, घंटा आणि गुणफलक आले. पण फ्लिपर, म्हणजे बटण दाबताच चेंडूला वर टोलवणारे पंख, १९४७ पर्यंत नव्हतेच. ते प्रथम गॉटलीबच्याच ‘हम्प्टी डम्प्टी’वर बसले. तोपर्यंत पिनबॉलही बॅगाटेलइतकाच नशिबावर चालत होता, आणि बऱ्याच ठिकाणी जिंकणाऱ्याला रोख पैसे दिले जात. न्यूयॉर्कचे महापौर ला गार्डिया यांनी १९४२ मध्ये त्यावर बंदी घातली आणि जप्त केलेली यंत्रे घणाने फोडली. ही बंदी १९७६ पर्यंत टिकली. ती उठली तेव्हा रॉजर शार्प या तरुण पत्रकाराने नगरपालिकेच्या समितीपुढे यंत्र खेळून दाखवले. चेंडू कोणत्या वाटेने जाईल हे त्याने आधी सांगितले आणि तो त्याच वाटेने गेला.

कौशल्याचा खेळ आणि जुगार यांतला फरक मुंबई इलाख्याच्या कायद्यातही होता. १८८७ चा मुंबई जुगार प्रतिबंधक कायदा निव्वळ कौशल्याच्या खेळांना लागू होत नाही. तरीही शिरूर किंवा दौंडच्या बाजारपेठेत पिनबॉलचे यंत्र उभे राहिले नाही, आणि त्यामागचे मुख्य कारण जुगाराच्या कायद्यापेक्षा आयातीच्या धोरणात सापडते. १९४७ च्या आयात-निर्यात नियंत्रण कायद्यापासून चैनीच्या वस्तू परवान्याशिवाय देशात आणता येत नव्हत्या, आणि परकीय चलनाची चणचण असताना करमणुकीच्या यंत्राला परवाना मिळण्याची शक्यता नव्हतीच म्हणा ना. उपभोग्य वस्तूंवरचे परिमाणात्मक निर्बंध पूर्णपणे उठले ते १ एप्रिल २००१ रोजी. तोपर्यंत पिनबॉलचे सुवर्णयुग येऊन गेले होते. १९९२ च्या ‘ॲडम्स फॅमिली’ या यंत्राच्या वीस हजारांवर प्रती विकल्या गेल्या, आणि १९९९ मध्ये ते बनवणाऱ्या विल्यम्स कंपनीने पिनबॉलचा धंदाच बंद केला.

नाणे टाकले की चालणारे यंत्र या भागातील माणसाला अगदीच अनोळखी होते असे नाही. रेल्वे स्थानकांवरचे वजनाचे यंत्र होते की. लाल-पिवळ्या दिव्यांची फिरती चकती, नाणे पडल्याचा खणखणाट आणि शेवटी खाली पडणारे पुठ्ठ्याचे तिकीट, ज्याच्या एका बाजूला वजन आणि दुसऱ्या बाजूला नटाचे चित्र किंवा भविष्य. गाडी बदलायला तासन्‌तास थांबणाऱ्या प्रवाशाच्या मुलांची ती हक्काची करमणूक होती. जत्रेत रिंग टाकणे आणि बंदुकीने फुगे फोडणे हे नेमाचे खेळ असत. घरात पाट, बाहेर जत्रा आणि फलाटावर वजनाचा काटा, अशी ही वाटणी होती.

मग पिनबॉल आला तो संगणकातून. विंडोज एक्सपीच्या संगणकांवर ‘थ्रीडी पिनबॉल स्पेस कॅडेट’ हा खेळ आपोआपच येत असे. मूळ खेळ १९९५ चा, पण महाराष्ट्रात तो घरोघरी पोचायला वेगळेच निमित्त झाले. २००१ मध्ये महाराष्ट्र ज्ञान महामंडळ (एमकेसीएल) स्थापन झाले आणि त्याच्या एमएस-सीआयटी या संगणक-साक्षरता अभ्यासक्रमाचे वर्ग तालुक्याच्या गावांपासून मोठ्या खेड्यांपर्यंत निघाले. टायपिंगचा सराव संपला की झेड आणि तिरप्या रेघेच्या कळीने फ्लिपर हलवायचे, स्पेसबारने चेंडू सोडायचा आणि कॅडेटपासून फ्लीट ॲडमिरलपर्यंतचे हुद्दे चढायचे, हे एका सबंध पिढीने केले. धक्का जास्त दिला तर तिथेही टिल्ट होत असे. व्हिस्टाच्या वेळी मायक्रोसॉफ्टने हा खेळ वगळला, आणि या पिढीची पिनबॉलशी असलेली ओळख बहुतेक तिथेच थांबली. खऱ्या यंत्रात चेंडूचे वजन ८० ग्रॅमच्या आसपास असते आणि तो आदळला की हाताखालची पेटी हादरते. पडद्यावर हे कळायला मार्ग नव्हता.

त्यामुळे या भागात जो आज घरासाठी पहिले पिनबॉल घ्यायला निघेल, त्याला अमेरिकन ग्राहकासारखी तरुणपणीच्या हॉटेलातल्या यंत्राची आठवण नसते. तो निवडतो ते यंत्रांचे युग. १९७७ च्या सुमारापर्यंतची यंत्रे विद्युत-यांत्रिक आहेत. त्यांत कित्येक रिले, फिरणारे आकड्यांचे रूळ आणि खऱ्या घंटा असतात. त्यांचा आवाज गोड, पण प्रत्येक संपर्कबिंदू कधी ना कधी घासून साफ करावा लागतो. पुढची यंत्रे मायक्रोप्रोसेसरवर चालतात. त्यांतील जुन्या मंडलांवर बसवलेली बॅटरी गळून तांब्याच्या रेषा खाऊन टाकते, म्हणून पाठीमागची पेटी उघडून हिरवट डाग आहेत का ते पाहिल्याशिवाय सौदा करू नये. नव्वदच्या दशकातली यंत्रे खेळायला सर्वांत भरगच्च. २०१३ नंतरच्या यंत्रांत मोठे रंगीत पडदे आणि एलईडी दिवे आले.

जुने यंत्र परदेशातून थेट मागवण्याचा विचार बहुधा कागदावरच राहतो. सध्याच्या परदेश व्यापार धोरणात भांडवली यंत्रसामग्री वगळता वापरलेल्या मालाची आयात निर्बंधित आहे आणि तिला वेगळे प्राधिकारपत्र लागते. शिवाय अमेरिकी यंत्र ११५ व्होल्टवर चालते, इथला पुरवठा २३० व्होल्टचा. आतल्या ट्रान्सफॉर्मरची जोडणी बदलता येते किंवा बाहेरून व्होल्टेज उतरवणारा ट्रान्सफॉर्मर लावता येतो, पण अर्थिंग पक्के हवे आणि चढ-उतार सोसणारा स्टॅबिलायझर हवाच. पूर्ण आकाराच्या नव्या यंत्राची किंमत अमेरिकेत सात हजार डॉलरच्या आसपास सुरू होते. त्यावर जहाजाचे भाडे, सीमाशुल्क, जीएसटी आणि न्हावाशेव्यापासून घरापर्यंतची गाडी, असा हिशेब वाढत जातो. शंभर किलोंहून जड आणि दीड मीटरच्या जवळपास लांब अशी ही पेटी जुन्या वाड्याच्या अरुंद जिन्यातून माडीवर नेण्यापेक्षा तळमजल्यावरच ठेवलेली बरी.

या भागापुरता आणखी एक शत्रू आहे, धूळ. शिरूर आणि दौंड दोन्ही तालुके पर्जन्यछायेत. उन्हाळ्यात उडणारी बारीक माती यंत्राच्या काचेखाली शिरली की २७ मिलिमीटरचा पोलादी चेंडू ती घासत फिरतो आणि खेळपट्टीवरचा रंग खरवडून थेट लाकूड उघडे पाडतो. वापरलेले यंत्र पाहताना फ्लिपरच्या पुढची जागा आणि चेंडू जिथून पुन्हा खेळात येतो ती जागा बोटाने चाचपून पाहावी. रंग तिथेच आधी जातो. फ्लिपर आळसावलेले असतील तर कॉइलची बाही किंवा जोडणी झिजलेली असते, आणि ते स्वस्तात दुरुस्त होते. लाकूड उघडे पडले असेल तर होत नाही. चेंडू निस्तेज झाला की बदलावा. इथे सायकलच्या छर्‍यावर भागत नाही. उतार साडेसहा अंशांच्या आसपास ठेवतात. तो कमी पडला की खेळ रेंगाळतो आणि यंत्र उगीचच बदनाम होते.

दुरुस्तीला हात मिळणे मात्र पूर्वीइतके अवघड नाही. शिरूर तालुक्यात रांजणगावची आणि दौंड तालुक्यात कुरकुंभची औद्योगिक वसाहत आहे, दौंडमध्ये रेल्वेच्या कामाचा जुना वारसा आहे, आणि रिले, कॉइल, मल्टिमीटर यांची भाषा जाणणारी माणसे दोन्हीकडे राहतात. पिनबॉलची विद्युतरेखाचित्रे अशा माणसाच्या हातात दिली तर तो संध्याकाळभरात दोष शोधू शकतो. ज्याच्या ओळखीत असा माणूस आहे आणि ज्याला यंत्राचे पोट उघडायला आवडते, त्याने भारतातच आधीपासून असलेले, चालू स्थितीतले, ऐंशी किंवा नव्वदच्या दशकातले यंत्र खुशाल घ्यावे. बाकीच्यांनी नव्या उत्पादनातील घरगुती आवृत्ती, म्हणजे नाणेपेटी नसलेले, हलके आणि कमी गुंतागुंतीचे यंत्र पाहावे. विद्युत-यांत्रिक युगातले यंत्र दिसायला कितीही देखणे असले, तरी पहिले यंत्र म्हणून ते घेऊ नये.