शोभेची दारू ते शालेय प्रयोग : अमेरिकेतील मॉडेल रॉकेट छंदाचा ऐतिहासिक अभ्यास (१९५४ ते १९७२)

प्रस्तावना

अंतराळयुगाचा इतिहास प्रामुख्याने शासन, सैन्य आणि प्रयोगशाळा यांच्या अंगाने लिहिला गेला आहे. ४ ऑक्टोबर १९५७ रोजी सोव्हिएत संघाने ८३.६ किलोग्रॅम वजनाचा स्पुटनिक उपग्रह सोडला. ६ डिसेंबर १९५७ रोजी अमेरिकेचे व्हॅनगार्ड रॉकेट उड्डाणतळावरच कोसळले. १९५८ मध्ये अमेरिकेने राष्ट्रीय संरक्षण शिक्षण कायदा संमत करून विज्ञान व गणित शिक्षणास अर्थसाहाय्य दिले. या घटना सर्वपरिचित आहेत. याच काळात अमेरिकेतील शाळकरी मुले घराच्या तळघरात आणि परसात स्वतःची रॉकेटे बनवू लागली होती आणि त्यांतील काही जण गंभीर जखमी होत होते, याची नोंद मात्र क्वचितच घेतली जाते.

धोकादायक कुतूहलाचे समाजाने काय करावे, हा प्रश्न या अपघातांनी उभा केला. त्यावर मॉडेल रॉकेटच्या छंदाने दिलेल्या उत्तराचा शोध घेणे हे प्रस्तुत लेखाचे उद्दिष्ट आहे. मॉडेल रॉकेटचा खरा शोध एखाद्या यंत्रापेक्षा कामाच्या वाटणीत होता, हे या लेखाचे मुख्य प्रतिपादन आहे.

ऐतिहासिक पार्श्वभूमी

हौशी मुलांची पद्धत साधारणपणे एकच असे. धातूच्या नळीत जस्त व गंधकाचे चूर्ण किंवा आगकाड्यांची गुले ठासून भरली जात. नळीचे तोंड चोंदले किंवा मिश्रण अपेक्षेपेक्षा वेगाने पेटले की त्या नळीचा बाँब होई आणि धातूचे तुकडे चहूकडे उडत. वेस्ट व्हर्जिनियातील कोलवुड या खाणगावातील होमर हिकॅम व त्याच्या मित्रांची कथा ‘रॉकेट बॉइज’ (१९९८) या आत्मकथनामुळे जगापुढे आली. या मुलांना खाणीच्या कर्मशाळेतील कुशल कारागिरांचे आणि फ्रीडा रायली या शिक्षिकेचे साहाय्य लाभले. १९६० च्या राष्ट्रीय विज्ञान मेळाव्यात त्यांच्या प्रयोगाला सुवर्णपदक मिळाले. तथापि असे पाठबळ लाभलेली मुले थोडी होती. इतरांच्या वाट्याला केवळ धोका आला.

कार्लाइल, स्टाइन आणि एस्टेस

या प्रश्नाचे उत्तर स्पुटनिकच्या तीन वर्षे आधीच तयार झाले होते. नेब्रास्का राज्यातील नॉरफोक या गावी ऑरव्हिल कार्लाइल यांचे पादत्राणांचे दुकान होते आणि शोभेच्या दारूकामाचा त्यांना छंद होता. त्यांचे बंधू रॉबर्ट हे विमानांच्या प्रतिकृती बनवीत. रॉकेटच्या तत्त्वावरील रॉबर्ट यांच्या व्याख्यानांत प्रात्यक्षिक दाखविता यावे म्हणून १९५४ मध्ये ऑरव्हिल यांनी ‘रॉक-अ-शूट’ हे छोटे रॉकेट तयार केले. आपल्याकडील दिवाळीच्या बाणातही दारूच असते. परंतु बाण एकदाच उडतो आणि जळून जातो. कार्लाइल यांचे रॉकेट हवाई छत्रीने सुखरूप उतरे व दारूची नवी कांडी घालून पुन्हा उडविता येई.

न्यू मेक्सिकोतील व्हाइट सँड्स क्षेपणास्त्र केंद्रात काम केलेले अभियंते जी. हॅरी स्टाइन यांनी रॉकेटविषयक सुरक्षिततेवर १९५७ मध्ये ‘मेकॅनिक्स इलस्ट्रेटेड’ या मासिकात लेख लिहिला. तो वाचून कार्लाइल यांनी आपले नमुने त्यांच्याकडे पाठविले. या वस्तूचे मोल स्टाइन यांनी तत्काळ ओळखले. त्याच वर्षी कोलोरॅडोतील डेन्व्हर येथे ‘मॉडेल मिसाइल्स’ ही कंपनी आणि पुढे ‘नॅशनल असोसिएशन ऑफ रॉकेटरी’ या नावाने प्रसिद्धीस आलेली संघटना स्थापन झाली. कार्लाइल यांना १९५८ मध्ये एकस्व मिळाले.

अडचण उत्पादनाची होती. हाताने ठासलेल्या दोन कांड्यांचा जोर सारखा नसे. डेन्व्हरच्या व्हर्न एस्टेस यांनी दाबलेल्या हवेवर चालणारे ‘मेबल’ नावाचे यंत्र उभारले. १९५९ पासून ते सुमारे साडेपाच सेकंदांत एक इंजिन तयार करू लागले. ‘मॉडेल मिसाइल्स’ टिकली नाही. एस्टेस यांचा उद्योग मात्र १९६१ मध्ये पेनरोझ येथे स्थलांतरित होऊन वाढला.

संचाची रचना व तिचा अर्थ

संचामध्ये कागदी नळी, टोकाचा शंकू, बाल्सा लाकडाचे पंख आणि हवाई छत्री एवढेच साहित्य असते. इंजिन दुर्घटनेने फुटलेच तर कागद फाटतो. धातूप्रमाणे त्याचे घातक तुकडे होत नाहीत. इंजिनात तीन थर असतात. पहिला थर रेटा देतो. दुसरा सावकाश जळून धूर सोडतो व तेवढ्या काळात रॉकेट माथ्यापर्यंत पोहोचते. तिसरा थर शंकू उडवून छत्री बाहेर ढकलतो. प्रज्वलन विजेवर होते आणि लहान इंजिनांसाठी किमान १५ फूट अंतर राखावे लागते. धातूच्या भागांचा वापर टाळणे आणि इंजिन कारखान्यातच तयार झालेले असणे हे सुरक्षा-संहितेचे मूळ नियम होत.

याचा अर्थ असा की, जीवघेणे असलेले एकच काम मुलांच्या हातून काढून घेतले गेले. जोडणी, संतुलन, निरीक्षण आणि गणित त्यांच्याकडेच राहिले. इंजिनावरील ‘सी६-५’ ही खूणदेखील एक पाठच आहे. ‘सी’ म्हणजे कमाल १० न्यूटन-सेकंद आवेग, ६ म्हणजे न्यूटनमधील सरासरी रेटा आणि ५ म्हणजे विलंबाचे सेकंद. उड्डाणस्थळापासून १०० मीटरवर उभ्या असलेल्या विद्यार्थ्याला माथ्यावरील रॉकेट ४५ अंशांच्या कोनात दिसले, तर त्याने साधारण १०० मीटर उंची गाठली, हे त्रिकोणमितीने काढता येते. रॉकेट सरळ जाण्यासाठी गुरुत्वमध्य दाबमध्याच्या पुढे असावा लागतो. हा दाबमध्य गणिताने काढण्याची सोपी रीत नासाचे अभियंते जेम्स बॅरोमन यांनी १९६६ मध्ये छांदिष्टांच्या वार्षिक संमेलनात मांडली. व्यावसायिक विज्ञान आणि छंद यांच्यातील देवाणघेवाणीचे हे लक्षणीय उदाहरण होय. १९७२ मध्ये युगोस्लाव्हियातील व्ह्रशाट्स येथे या क्षेत्रातील पहिली जागतिक स्पर्धा भरली.

मर्यादा

या तोडग्याची किंमतही नोंदविली पाहिजे. इंधनाचे रसायनशास्त्र कारखान्याच्या भिंतीआड गेले. हिकॅम व त्याच्या मित्रांना चुकत-माकत जे शिकता आले, ते संच जोडणाऱ्या मुलाला शिकता येत नाही. सूचनापत्रिकेबरहुकूम केलेली जोडणी म्हणजे संशोधन नव्हे. शिवाय या चळवळीचा प्रचलित इतिहास बराचसा स्टाइन यांच्या लेखनावर, विशेषतः १९६५ पासून प्रसिद्ध होत आलेल्या त्यांच्या हस्तपुस्तिकेवर आधारलेला आहे. चळवळीच्या प्रवर्तकानेच लिहिलेला इतिहास म्हणून तो सावधपणे वाचणे आवश्यक आहे. त्यात अभियंत्याचे कर्तृत्व ठळक होते आणि नॉरफोकच्या दुकानदाराचे योगदान प्रारंभापुरते उरते.

निष्कर्ष

उपरोक्त विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात. एक, मॉडेल रॉकेट हे स्पुटनिकच्या धक्क्याचे अपत्य नाही. ते आधीच जन्मले होते. स्पुटनिकने त्याला ग्राहक दिला. दोन, त्याचा उगम प्रयोगशाळेत न होता शोभेची दारू आणि प्रतिकृती-विमाने या दोन घरगुती छंदांच्या संयोगातून झाला. तीन, बंदी आणि बेफिकिरी यांच्यामधला तिसरा मार्ग या चळवळीने दाखविला. धोक्याचे पृथक्करण करून त्यातील घातक भाग जबाबदार हातांत द्यावा आणि उरलेला भाग विद्यार्थ्यांकडे निःशंकपणे सोपवावा, हा तो मार्ग होय. प्रयोगशाळेतील अपघाताच्या भीतीने प्रात्यक्षिक केवळ अध्यापकाच्या टेबलावर आणि नोंदवहीत उरते, तेव्हा कार्लाइल यांच्या त्या कागदी नळीचा इतिहास अध्यापकांनी जरूर अभ्यासावा.