आजोबांची चेतक, नातवाचा पहिला लांबचा पल्ला आणि रस्त्याखालची खडी

आजोबांची पडून असलेली स्कूटर दुरुस्त करायची आणि नातवाने ती घेऊन पहिल्यांदाच लांब जायचं, असे प्रवास हल्ली बरेच होतात. फोटो निघतात, व्हिडिओ निघतात. पण असा एक प्रवास इतिहासाचं साधन म्हणून वाचायचा ठरवला, तर काय काय बघावं लागेल? पीएचडीचा विषय शोधणाऱ्यांनी हा सराव एकदा करून बघाच.

उदाहरण घरचंच घेते. माझ्या वीस वर्षांच्या मामेभावाने गेल्या हिवाळ्यात आजोबांची 1986 ची बजाज चेतक नगरहून भंडारदऱ्याला नेली. राहुरी, कोल्हार, लोणी, संगमनेर, अकोले, राजूर असं करत साधारण दीडशे किलोमीटर. (जिल्ह्याचं नाव आता अहिल्यानगर आहे. जुने कागद अर्थातच जुन्या नावाने शोधायचे.)

तो गाडीला 'विंटेज' म्हणतो. केंद्र सरकारच्या 2021 च्या नियमांप्रमाणे मात्र पहिल्या नोंदणीला 50 वर्षं झालेली गाडीच विंटेज ठरते, आणि तशी नोंद केलेली गाडी रोजच्या वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाही. म्हणजे घरातला शब्द वेगळा, कायद्यातला वेगळा. आपण कोणत्या अर्थाने वापरतोय हे प्रबंधाच्या सुरुवातीलाच सांगून टाकावं, नाहीतर व्हायव्हात कुणीतरी विचारणारच.

गाडीची गोष्ट सगळ्यांना पाठ असते. 1960 च्या दशकात बजाज कंपनी इटलीच्या पियाजिओच्या परवान्यावर व्हेस्पा बनवत होती. तो करार संपल्यावर 1972 मध्ये चेतक आली. उत्पादनावर सरकारी मर्यादा असल्याने बुकिंग करून लोक वर्षानुवर्षं थांबत. टू-स्ट्रोक इंजिन, लिटरमागे ठरावीक ऑईल, किक, डिकीत जादा प्लग, हेही सगळं घरोघरी सांगितलं जातं. त्याच 1972 मध्ये नगरच्या किनेटिक इंजिनिअरिंगची लुना बाजारात आली, हे मात्र पुण्या-मुंबईकडून लिहिलेल्या स्कूटरच्या इतिहासात एका ओळीत उरकतात. नगरकर म्हणून मला ते खटकतं, पण तो वेगळा विषय.

मला अडवतं ते 1972 हे साल. नगर जिल्ह्यात वयस्कर माणसाला हे साल विचारा. तो चेतकही सांगणार नाही आणि लुनाही. तो दुष्काळ सांगेल. लाल मिलो सांगेल, सुकडी सांगेल. सरकारने दुष्काळी कामं काढली होती: पाझर तलाव, बंडिंग, रस्ते आणि खडी फोडणं. मे 1973 मध्ये राज्यभर या कामांवर जवळजवळ 50 लाख माणसं होती आणि त्यांत बायका मोठ्या संख्येने होत्या. याच अनुभवातून पुढे रोजगार हमीचा कायदा झाला.

आता स्कूटरकडे परत या. आजोबांनी गाडी घेतली 1986 ला. तोवर जिल्ह्यात गावोगावी रस्ते पोचायला लागले होते, आणि त्यांतल्या कितीतरी रस्त्यांची खडी दुष्काळात हातांनी फुटलेली होती. स्कूटरचं आरसी बुक घरात जपलं जातं, पहिल्या प्रवासाचा फोटो भिंतीवर लागतो. खडी फोडणाऱ्या बाईचं नाव हजेरीपटावर असलं तर असतं, आणि तो हजेरीपट सांभाळायची गरज कुणाला वाटत नाही. म्हणून आपण गाडीचा इतिहास लिहितो आणि रस्ता आपोआप झाला असं धरून चालतो.

नगरला हे नवीनही नाही. 1876-78 च्या दुष्काळात दौंड-मनमाड लोहमार्गाच्या कामावर दुष्काळी मजूर होते. 1884 चं जिल्हा गॅझेटिअर आणि 1976 ची त्याची सुधारित आवृत्ती, दोन्हींतलं दळणवळणाचं प्रकरण शेजारी ठेवून वाचा. काय बदललं ते तर दिसेलच, पण दोन्हीकडे रस्ते कसे मोजलेत आणि माणसं कुठे गळालीत हेही दिसेल.

मामेभावाच्या मार्गात आणखी एक गंमत आहे. कोल्हारपासून पुढे तो प्रवरेच्या आसपास, उलट्या दिशेने, पाण्याच्या उगमाकडे गेला. भंडारदऱ्याचं धरण 1926 ला पूर्ण झालं, त्याचं पाणी कालव्यांनी खालच्या ऊसपट्ट्यात आलं आणि 1950 च्या सुमारास लोणीला सहकारी साखर कारखाना उभा राहिला. माझा अंदाज असा की सुरुवातीच्या स्कूटरी कालव्याकाठी दाट आणि जिरायती भागात विरळ असणार. हा फक्त अंदाज आहे. आरटीओच्या जुन्या नोंदवह्या तालुक्यांनुसार लावल्या तर तपासता येईल. कुणाला विषय हवा असेल तर घ्या, माझा प्रबंध आधीच फुगलाय.

पण नोंदवह्या थांबतील, माणसं थांबणार नाहीत. कोणत्या रस्त्याचा कुठला तुकडा दुष्काळी कामातून झाला, हे गावात जाऊनच कळतं. 1972 ला वीस वर्षांची असलेली बाई आज सत्तरी ओलांडून गेली आहे. मुलाखतींची यादी करताना पहिलं नाव तिचं लिहा. स्कूटरवाल्या आजोबांना नंतर भेटलं तरी चालेल, त्यांचं आरसी बुक आहे.